काटा खाली आला तेव्हा: एका ट्रायम्फ डोलोमाइट स्प्रिंटचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या गृहस्थांना आमच्याकडे सगळेच दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच. मूळचे कोल्हापूरचे, तीसेक वर्षं कॉव्हेंट्रीजवळ, आयुष्यभर डिझाइन ऑफिसात नोकरी. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा त्यांनी एक जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. कारण विचारलं की वडिलांच्या स्टँडर्ड हेराल्डची गोष्ट सुरू व्हायची. खंबाटकीच्या घाटात बॉनेट उघडून उभी असलेली हेराल्ड, शेजारी हातात पाण्याचा तांब्या घेतलेले वडील, आणि इंजिन निवेपर्यंत दगडावर बसून शेंगा खाणारी तीन पोरं.

ती हेराल्ड मद्रासला बनत असे, पण तिचं मूळ कॉव्हेंट्रीचं. स्टँडर्ड-ट्रायम्फचा कॅनली कारखाना दादांच्या घरापासून दहा मिनिटांवर होता. तिथलं गाड्यांचं उत्पादन १९८० मध्येच थांबलं होतं. हेराल्डचा आकार काढला होता इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी. पुढे डोलोमाइटची रेषाही त्यांचीच. म्हणजे दादांना हवी असलेली गाडी त्यांच्या वडिलांच्या गाडीची चुलत बहीणच होती, फक्त स्वभावाने बरीच तापट.

२०२२ च्या वसंतात त्यांना १९७७ ची डोलोमाइट स्प्रिंट मिळाली. आधीच्या मालकाच्या गॅरेजात ती चौदा वर्षं झाकून ठेवलेली होती. पत्रा अपेक्षेपेक्षा बरा, मागच्या चाकांच्या कमानी सडलेल्या, आतलं लाकडी डॅशबोर्ड शाबूत. बॅटरी जोडली, ताजं पेट्रोल घातलं आणि तिसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू झालं. मी तिथे होतो. त्या आवाजाने आम्हा दोघांची अक्कल साधारण दोन महिने गहाण पडली, हे आधीच सांगून ठेवतो.

गाडीचा वंश

हा भाग इतिहासाचा आहे, पण तो वगळून पुढची अडचण कळणार नाही.

१९६५ साली ट्रायम्फ १३०० आली ती पुढच्या चाकांना ताकद देणारी. जग हळूहळू त्याच दिशेने चाललेलं असताना ट्रायम्फने तोच सांगाडा फिरवून मागच्या चाकांवर आणला, कारण तसं बनवायला स्वस्त आणि सोपं पडत होतं. १९७० ची टोलेडो आणि १९७२ ची डोलोमाइट ही त्या उलट्या प्रवासाची फळं. कारखान्यांच्या इतिहासात असा उलटा फेरा क्वचितच दिसतो.

इंजिन मात्र नवं होतं. चार सिलिंडर, ४५ अंशात एका कुशीवर कललेले. अशी दोन चौकडी समोरासमोर ठेवली की व्ही-८ तयार होतं, आणि ट्रायम्फने ते स्टॅग या गाडीसाठी खरंच केलं. कललेली चौकडी आधी स्वीडनच्या साबने ९९ साठी घेतली आणि मग खुद्द ट्रायम्फने डोलोमाइटमध्ये १८५४ सीसीची करून बसवली.

जून १९७३ मध्ये तिचा आकार १९९८ सीसीपर्यंत वाढवून त्यावर नवं अॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, चढवलं, तीच स्प्रिंट. प्रत्येक सिलिंडरला चार, म्हणजे एकूण सोळा व्हॉल्व्ह. त्या काळात हे शर्यतीच्या गाड्यांचं काम मानलं जाई आणि त्याला सहसा दोन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे फिरते दांडे, लागत. ट्रायम्फचे अभियंते स्पेन किंग यांच्या चमूने एकाच कॅमशाफ्टवर ते भागवलं. कॅमचा एकच उंचवटा इनलेट व्हॉल्व्ह थेट दाबतो आणि तोच उंचवटा रॉकरमार्फत एक्झॉस्ट व्हॉल्व्हही उघडतो. आठ उंचवटे, सोळा व्हॉल्व्ह. याला १९७४ चं डिझाइन काउन्सिलचं पारितोषिक मिळालं आणि ते योग्यच होतं. मी आजवर उघडलेल्या इंजिनांत इतकी हुशार काटकसर दुसरी पाहिलेली नाही.

१२७ अश्वशक्ती, ताशी ११५ मैलांच्या आसपास वेग, अॅलॉय चाकं कारखान्यातूनच, आणि किंमत बीएमडब्ल्यू २००२ टीआयआयपेक्षा बरीच कमी. पहिल्या गाड्या मिमोसा नावाच्या भडक पिवळ्या रंगाच्या. १९७५ साली अँडी राउज यांनी स्प्रिंट चालवून ब्रिटिश सलून कार स्पर्धेचं विजेतेपद घेतलं. आणि तरीही १९८० पर्यंत एकूण गाड्या बनल्या २२,९४१.

आता अडचणीची दोन मुळं. पहिलं, वॉटर पंप. बहुतेक इंजिनांत तो पुढे, खालच्या अंगाला असतो. इथे तो ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ठोकळ्याच्या) वरच्या भागात, इनलेट मॅनिफोल्डखाली (हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या नळ्यांखाली) आहे आणि आतल्या शाफ्टच्या गियरवर फिरतो. पाण्याची पातळी थोडी जरी उतरली, तरी पंप पाण्याबाहेर येतो आणि हवा घुसळत बसतो. दुसरं, हेडची पकड. दहा ठिकाणी ते आवळलेलं आहे: एका रांगेत पाच स्टड (ब्लॉकमध्ये रोवलेले, वरून नट लागणारे दांडे), दुसऱ्या रांगेत पाच बोल्ट, आणि दोन्ही रांगांची दिशा समांतर नाही. मूळ हेतू चांगला होता, कॅमशाफ्ट न काढता सगळं पान्याच्या आवाक्यात यावं. पण त्यामुळे हेड काढताना ते स्टडच्या तिरक्या दिशेनेच सरकावं लागतं. पोलादी स्टड आणि अॅल्युमिनियमचं हेड यांच्यात वर्षानुवर्षं ओलावा राहिला की पांढरी भुकटी धरते, फुगते आणि हेड स्टडला असं चिकटतं की जणू ओतलेलंच आहे.

हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. वाचलेलं होतं. तरीही पुढचं घडलं.

अडचण

पहिले काही आठवडे दादा गाडी गल्लीत, दुकानापर्यंत, फार तर पाच मैल नेत. तापमानाचा काटा मधोमध. एक्स्पान्शन बाटलीतलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. आधीच्या मालकाने अँटिफ्रीझऐवजी नुसतं पाणी घातलेलं असावं, असा आमचा अंदाज. हीटर मात्र गार हवा फेकत होता. ते दादांनी "जुनी गाडी आहे, झडप अडकली असेल" म्हणून सोडून दिलं.

जूनमध्ये ते पहिल्यांदा लांब निघाले. वहिनी शेजारी, रस्ता ए-४६, वेग ताशी साठ-पासष्ट. वीसेक मिनिटांनी काटा मधल्या खुणेच्या वर सरकू लागला. दादांनी वेग कमी केला. मग काटा थांबला आणि हळूहळू खाली आला, अगदी गार बाजूकडे. त्यांना हायसं वाटलं. वहिनी म्हणाल्या, "वास येतोय हो गोडसर." दादांनी खिडकी उघडली आणि आणखी चार मैल गाडी नेली.

या प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण तो होता. काटा खाली आला, कारण तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात उरलाच नव्हता. तो वाफेच्या पोकळीत होता, आणि कोरड्या पोकळीत सेन्सर खरं तापमान सांगत नाही. काटा वर जातो तेव्हा गाडी तापलेली असते. या इंजिनात तो वर जाऊन कारण नसताना खाली येतो तेव्हा गाडी जळत असते. गार हीटर हीही त्याच गोष्टीची आगाऊ सूचना होती: हीटरच्या नळीत पाणी नव्हतं, हवा होती.

थांबल्यावर बॉनेटखालून वाफ निघाली. अर्ध्या तासाने झाकण उघडलं तेव्हा जवळजवळ दोन लिटर पाणी कमी होतं.

समोरचे पर्याय

त्या रविवारी आम्ही दादांच्या स्वयंपाकघरात बसलो. वहिनींनी थालीपीठं लावली होती आणि चर्चेतही त्यांचाच भाग सर्वांत शहाणपणाचा होता, हे मागाहून कळलं.

एक मार्ग होता लगेच हेड उघडण्याचा. गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधला गळती रोखणारा थर) गेलं असेल तर कळेल, नसेल तरी आतला गाळ दिसेल. धोका असा की हेड चिकटलेलं निघालं तर महिनोन्‌महिने गाडी उभी, आणि काढताना हेड मोडलं तर दुसरं मिळणं कठीण. एवढ्या थोड्या गाड्या बनल्या, त्यातल्या किती उरल्या असतील!

दुसरा मार्ग: रसायनाने आतून धुवायचं, रेडिएटर नवा घालायचा, थर्मोस्टॅट बदलायचा आणि पाहायचं. स्वस्त, झटपट, आणि आमच्या मनाला मोह पाडणारा.

तिसरा म्हणजे वेगळं, आधुनिक इंजिन बसवणं. काही जण करतात. दादांनी तो वाक्य संपायच्या आत फेटाळला. सोळा व्हॉल्व्हच्या त्या हेडसाठीच तर गाडी घेतली होती.

चौथा, विकून टाकणं. तो कोणी मोठ्याने उच्चारला नाही, पण वहिनींनी भांडी जरा जोरात आवरली.

वहिनींनी एकच प्रश्न विचारला: "गॅस्केट गेलंय की नाही, हे न उघडता कळायची काही सोय नाही का?" होती. सिलिंडरची गळती-तपासणी, आणि रेडिएटरच्या तोंडाशी एक्झॉस्टचा वायू येतो का हे रंग बदलणाऱ्या द्रावणाने बघणं. दोन्ही मिळून एका दुपारचं काम. आम्ही "करू की" म्हणालो आणि केलं नाही. दुसरा मार्ग धरला.

काय केलं, आणि काय झालं

रसायन जोरदार होतं. डब्यावर दिलेल्या वेळेपेक्षा आम्ही ते जास्त ठेवलं, कारण बाहेर येणारं पाणी तपकिरीच होतं आणि ते स्वच्छ होईपर्यंत थांबावं असं वाटत होतं. पाण्यासोबत गंजाचे पापुद्रे आले, वाटीभर. आम्ही खूष.

तो गंजच कुठेतरी बूच बनून बसला होता. नवा रेडिएटर, नवा थर्मोस्टॅट, नवं कूलंट. तिसऱ्या फेरीला धुराड्यातून पांढरा धूर आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय. आता तपासणीची गरजच उरली नाही. गॅस्केट गेलं होतं, आणि इतके दिवस ते जेमतेम तग धरून होतं ते बहुधा त्या गंजामुळे.

हेड निघेना

कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, नळ्या उतरवायला एक शनिवार गेला. पाचही बोल्ट सरळ निघाले. स्टडवरचे नट निघाले. हेड मात्र तसूभर हललं नाही.

एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं, छन्नी घाला फटीत आणि हाणा. त्यांनी स्वतः तसं केलं होतं, आणि त्यांच्या हेडवर खोल चरे पडले होते हेही त्यांनीच सांगितलं. अॅल्युमिनियमच्या बसणाऱ्या पृष्ठभागावर छन्नी म्हणजे पुढच्या गळतीचं आमंत्रण. ते नको ठरलं. दुसरी जुनी युक्ती करून पाहिली: नट दोन-दोन फेरे सैल ठेवायचे, प्लग लावून स्टार्टर फिरवायचा, सिलिंडरमधला दाब हेड उचलतो. उचललं नाही.

मग सुरू झाला सबुरीचा भाग. रोज संध्याकाळी प्रत्येक स्टडभोवती गंज सोडवणारं तेल, आठवड्यातून दोनदा हॉट-एअर गनने शेक. स्टडच्या आट्यांवर दोन नट एकमेकांविरुद्ध आवळून स्टडच फिरवून काढायचा प्रयत्न. पाचव्या आठवड्यापर्यंत तीन स्टड निघाले. मागचे दोन हट्टाने बसून होते.

इथे दुसरा मोठा निर्णय आला. हेड कापायचं का? उरलेल्या दोन स्टडभोवती करवत फिरवली असती तर एका दिवसात मोकळं झालं असतं. दादा तयार झाले होते. कंटाळले होते, आणि गॅरेजात मावशींचं सामान येऊन पडणार होतं. मी थांबवलं म्हणणं खोटं होईल. त्यांना थांबवलं ते दुसऱ्या हेडच्या शोधाने. आठवडाभर फोन केल्यावर एकच मिळालं, आणि त्याचा मालक "आतून गंजलंय, पण चालेल" म्हणाला.

शेवटी फॅब्रिकेशनच्या कामातल्या एका मित्राने जाड पोलादी पट्टी बनवून दिली. ती हेडला पक्की धरायची आणि तिच्यातून दोन बोल्ट नेमके स्टडच्या डोक्यांवर टेकायचे. बोल्ट आवळला की स्टड खाली रेटला जातो, म्हणजेच हेड वर ओढलं जातं, तेही बरोबर स्टडच्या दिशेने. जोर केला असता तर अॅल्युमिनियमच्या आट्या उपटल्या असत्या. म्हणून नियम ठरला: रोज पाव फेरा, मग पाना खाली ठेवायचा आणि घरात जायचं. दादांनी तो नियम एकदाही मोडला नाही. मी असतो तर मोडला असता.

एकोणिसाव्या संध्याकाळी टक्‌ असा आवाज आला. दादांनी मला फोन करून फक्त "हललं" एवढंच सांगितलं.

आत काय होतं

गॅस्केट तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये जळलेलं. हेडमधल्या पाण्याच्या दोन वाटा कडेला खाऊन गेलेल्या. त्या वेल्डिंगने भरून फेसिंग करून घेतल्या, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून घेतला. फेसिंगमध्ये किती जाडी जाते यावर आमची नजर होती, कारण जास्त घासलं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि पुढच्या वेळी घासायला काही उरत नाही. ब्लॉकचे कोअर प्लग (बाजूची भोकं बंद करणाऱ्या टोप्या) काढले तेव्हा मागच्या सिलिंडरभोवती काळपट गाळ दाबून बसलेला दिसला. तो अक्षरशः वाकवलेल्या चमच्याने खरवडून काढावा लागला. रसायन तिथवर पोहोचलंच नव्हतं. समोरून स्वच्छ पाणी येत होतं ते मोकळ्या वाटेनं.

पंपही बदलला. हा पंप नुसता बसवून चालत नाही. त्याच्या पात्यांचं आणि झाकणाचं अंतर गॅस्केटच्या जाडीने जुळवावं लागतं. अंतर जास्त राहिलं तर पंप फिरतो पण पाणी ढकलत नाही. आम्ही ते तीनदा केलं. स्टड सगळे नवे, सांध्यांवर न चिकटू देणारं ग्रीस. शिवाय एक्स्पान्शन बाटलीत पातळी उतरली की डॅशबोर्डवर दिवा आणि भोंगा लागेल असा सेन्सर. १९७७ च्या गाडीत तो शोभत नाही, असं आमच्यातल्या एकाचं मत होतं. दादांनी दिवा अॅशट्रेच्या झाकणाखाली लपवला आणि भोंगा मात्र चांगला कर्कश निवडला.

निष्पत्ती

मार्च २०२३ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून (गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का हे पाहणाऱ्या) सूट आहे. दादांनी तरीही ती करून घेतली, आणि मागच्या एका ब्रेकची नळी गंजलेली सापडली. आमच्या दोघांच्याही डोळ्यांना ती दिसली नव्हती, कारण आम्ही आठ महिने फक्त पाण्याकडे पाहत होतो. पेट्रोल ते सुपर दर्जाचंच भरतात. २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही.

पहिली लांब फेरी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमपर्यंत. काटा मधोमध, हीटर कडक गरम, मे महिन्यात खिडक्या उघड्या ठेवून मुद्दाम चालू ठेवलेला. पाचशे मैलांनी नट पुन्हा तपासून आवळले. तेव्हापासून ती अडीच हजारांवर मैल चालली आहे. तेल गळतं. चाकांच्या कमानींचं काम अजून बाकी आहे. आणि एकूण खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे गेला. आकडा वहिनींना माहीत आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

आज पुन्हा करायचं झालं तर

गळती-तपासणी पहिल्या दिवशी. याबद्दल आमच्यात दुमत नाही. एका दुपारच्या आळसाने आठ महिने आणि नव्या कूलंटचे दोन भरणे गेले.

रसायनाबद्दल मात्र दुमत आहे. माझं मत, ते वापरायलाच नको होतं. ज्या इंजिनाचं हेड उघडणं इतकं अवघड, त्यात गंज मोकळा सोडणं म्हणजे काय होणार याची कल्पना यायला हवी होती. दादांचं म्हणणं उलट: गॅस्केट जाणारच होतं, ते घराच्या दारात गेलं हे बरं झालं, एम-४० महामार्गावर गेलं असतं तर हेड वाकलं असतं. त्यांच्या बाजूने एवढं नक्की की फेसिंगला हेड नेलं तेव्हा ते जवळजवळ सरळ होतं.

करवत न चालवण्याचा निर्णय बरोबर ठरला, पण त्यामागचं कारण अर्धं तरी नाइलाजाचं होतं. दुसरं चांगलं हेड सहज मिळालं असतं तर आम्ही कापलं असतं. त्यामुळे तो आमच्या शहाणपणात मी मोजत नाही. पोलादी पट्टी पहिल्या आठवड्यातच बनवून घ्यायला हवी होती, हे मात्र मोजतो.

गाडी घेतानाची चूक सर्वांत साधी. चौदा वर्षं उभ्या गाडीचं इंजिन सुरू होतं की नाही, एवढंच आम्ही पाहिलं. चहाच्या रंगाचं पाणी त्याच दिवशी बाटलीत दिसत होतं. त्यावर बोलून किंमत उतरवता आली असती, आणि लगेच हेड उघडायला पैसेही उरले असते.

गेल्या शरद ऋतूत माझ्या ओळखीतल्या एकाला लेस्टरजवळ एक स्प्रिंट विकायला असल्याचं कळलं, मिमोसा पिवळी. त्याला घेऊन बघायला जायचं ठरलं तसा मी दादांना फोन केला. पत्रा, गिअरबॉक्स, कागदपत्रं, काय काय बघायचं याची मी यादी सांगू लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं.

"आधी वीस मिनिटं चालवून बघ," ते म्हणाले, "आणि हीटरची हवा गरम येते का ते विचार."

मागून वहिनींचा आवाज आला: "आणि बाटलीतल्या पाण्याचा फोटो काढून पाठव म्हणावं."